नाकाची नुकसानभरपाई

मोडलेल्या पायाचे पैसे विमा कंपनीनं फारशी कुरकुर न करता दिले. पाय मोडला की तो फोटोत दिसतो. फोटो उजेडासमोर धरला की हाडाची भेग वकिलापासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळते. पण वहिनीचं नाक होतं तसंच होतं. सरळ, टोकाशी जरासं वर वळलेलं, आणि त्यावर नेहमीचा राग. या नाकाला आता कसलाही वास येत नाही असं ती सांगत होती, आणि कंपनी मान डोलावून म्हणत होती, असेलही बाई, पण पुरावा काय?

तिला अख्खी गल्ली वहिनी म्हणायची. नवरा होता तेव्हा तो सगळ्यांचा दादा, म्हणून ही वहिनी. दादा गेला, नातं राहिलं. त्याच्यामागे ती आणि तिची धाकटी नणंद चिमी अशा दोघी मिळून बेकरी चालवत होत्या. चिमी हे लहानपणी पडलेलं नाव. आता तिचे केस पिकायला लागले होते, तरी ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. कामाची वाटणी दादाच्या वेळेपासून ठरलेली होती. पाव, केक, पुढची भट्टी आणि गल्ला चिमीकडे. मागची भट्टी आणि लोण्याची बिस्किटं वहिनीकडे. बेकरीचं नाव होतं ते या बिस्किटांमुळे. दूरदूरची माणसं वाट वाकडी करून यायची.

त्या बिस्किटांचं लोणी वहिनी आधी लोखंडी पातेल्यात तापवून तांबूस करून घ्यायची. पातेलं आतून काळंकुट्ट, वर फेस, त्यामुळे रंग दिसायचा प्रश्नच नव्हता. सगळा कारभार नाकावर. कच्चा वास जाऊन भाजल्या बदामासारखा खरा वास आला की त्याच क्षणी उतरवायचं. आधी उतरवलं तर बिस्किट मिळमिळीत, उशीर झाला तर करपट. ही विद्या तिनं कुणाला दिली नव्हती. पातेलं चढवलं की ती मधलं दार लोटून घ्यायची. चिमीनं एकदोनदा आडून आडून विचारून पाहिलं, तर म्हणाली, "तू पाव बघ." चिमीनं मुकाट्यानं पाव बघितले.

अपघात झाला तो भर दुपारी, आणि तोही फुटपाथवर. रस्त्यात मधे आली असती तर गोष्ट वेगळी. ही बाई कडेकडेनं, अंड्यांचा ट्रे सांभाळत घरी चालली होती. गाडीवाला सकाळपासून मित्राकडे पीत बसला होता. त्याची गाडी फुटपाथवर चढली, अंडी फुटली, पाय मोडला आणि वहिनीचं डोकं दगडी कडेवर आपटलं. गाडीवाला कसाबसा उतरला, तिच्यावर वाकला आणि विचारलं, "मावशी, लागलं का?" त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. वहिनीनं आयुष्यात घेतलेला तो शेवटचा वास. त्यानंतर तिला साबणाचा आला नाही, औषधाचा आला नाही, की पावसात भिजलेल्या कपड्यांचा आला नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की वासाच्या शिरा केसासारख्या नाजूक असतात, डोक्याला हिसका बसला की तुटतात, कधी लगेच, कधी तासा-दोन तासांनी. परत जुळल्या तर जुळल्या, बहुतेक जुळत नाहीत. त्यांनी तसं लिहूनही दिलं. कंपनीच्या डॉक्टरांनी तिला दोन कुप्या हुंगायला दिल्या, वहिनीनं दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली, आणि त्यांनी लिहिलं की रुग्ण जे सांगते त्यावरच विसंबावं लागेल. म्हणजे सभ्य भाषेत, बाई खोटंही बोलत असेल.

इथं वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पैसे नको होते असं नाही, बेकरीला कारागीर ठेवायचा तर पैसे लागणारच होते. पण तिला त्याहून जास्त एक हवं होतं. आपलं काय गेलं ते कुणीतरी अधिकाराच्या माणसानं मान्य करावं, मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि तो गाडीवाला तिथं बसून ऐकत असावा. तेवढ्यासाठी तिनं दावा लावला.

मधल्या काळात ती भट्टीपुढे परत जाऊन बसली होती. स्टूल घेतलं, पातेलं चढवलं, फेसाचा आवाज ऐकत अंदाजानं उतरवलं. पहिला घाणा निघाला तेव्हा तिनं एक बिस्किट तोंडात टाकलं. गोड पुठ्ठा चावल्यासारखं लागलं. पण तिला आता सगळंच तसं लागायचं. तिनं चिमीला हाक मारून विचारलं, कशी झालीत. चिमीनं अर्धं बिस्किट खाल्लं, जरा वेळ चावलं आणि म्हणाली, "नेहमीसारखी."

वहिनीला त्या दिवशी रडू आलं, सुखानं. नाक गेलं पण हात शाबूत आहे, असं तिनं हॉस्पिटलात पायाचे व्यायाम करायला आलेल्या बायकांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि तिच्या वकीलबाईंनाही सांगितलं. वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या म्हणाल्या, कोर्टात फक्त नाकाबद्दल बोला, हाताबद्दल अवाक्षर काढू नका. वहिनी हो म्हणाली. पण स्वतःच्या हाताबद्दल गप्प बसणं हे काही तिच्या रक्तात नव्हतं.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा, तीन बाकं, टंकलेखक आणि एका खिडकीची कायम अडकलेली झडप. गाडीवाला मागच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता. न्यायाधीशबाई शांत होत्या. कुणी लांबण लावली की पेन खाली ठेवायच्या, तेवढंच. कंपनीचा वकील मऊ आवाजाचा, अदबशीर. अशा माणसापासून जास्त जपून राहावं लागतं.

वहिनीनं सगळं नीट सांगितलं. शेवटचा वास कुठला ते सांगितलं तेव्हा न्यायाधीशबाईंनी मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं. मग मऊ आवाजाचा वकील उठला. त्यानं आधी पायाची चौकशी केली. मग म्हणाला, बेकरी चालू आहे ना? चालू आहे. बिस्किटं कोण करतं? मीच. विक्री कमी झाली? नाही. मग त्यानं अगदी घरच्यासारखं विचारलं, "म्हणजे बिस्किटं बिघडायला लागलीत म्हणा ना?"

"बिघडतील कशी?" वहिनी म्हणाली. "एकाची तक्रार आली असेल तर दाखवा. माझा हात आहे तो."

वकीलबाईंनी हातातल्या कागदात तोंड घातलं.

पुढे आणखी वाईट झालं. वहिनीचं नाक पूर्वी किती तिखट होतं हे सांगायला गल्लीतले दोन साक्षीदार आणले होते. पहिला निवृत्त पोस्टमन. त्यानं सांगितलं, की ही बाई बंद डब्यातलं पीठ जुनं की ताजं ते झाकणावरून ओळखायची. छान चाललं होतं. मग कंपनीच्या वकिलानं विचारलं, आणि आजकाल बिस्किटं कशी असतात? पोस्टमनला वाटलं, वहिनीची बाजू घ्यायची हीच वेळ. तो छाती काढून म्हणाला, तीच चव, तसूभर फरक नाही, हाताची पुण्याई. दुसरी साक्षीदार शिवणकाम करणारी शेजारीण. ती तर पिशवीतून पुडाच घेऊन आली होती. "बाईसाहेब, तुम्हीच खाऊन बघा ना," म्हणत तिनं तो न्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायाधीशबाईंनी तो शिपायाकरवी परत दिला. टंकलेखकाची नजर मात्र पुड्याबरोबर दारापर्यंत गेली. आपल्याच माणसांनी प्रेमानं दाव्यावर माती लोटली होती, आणि वर दोघं समाधानानं बाकावर जाऊन बसली होती.

कंपनीचा वकील थोडक्यात म्हणाला, की ज्या कामाला वासाशिवाय भागत नाही असं अर्जदार स्वतः सांगते, तेच काम ती पूर्वीइतकंच उत्तम करते. तेव्हा एकतर वास येतो, किंवा तो गेल्यानं काही बिघडलेलं नाही. दोन्हीपैकी कुठलंही धरा.

वहिनी खुर्चीत बसून ऐकत होती. तो चुकतोय हे तिला कळत होतं, पण कुठं चुकतोय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. हा डाव आपण हरलो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात चिमी बाकावरून उठली. साक्षीदारांत तिचं नाव नव्हतं. आयुष्यात कधी चार माणसांत ती मोठ्यानं बोलली नव्हती. वकीलबाई घाईनं तिच्याजवळ गेल्या, दोघी दारापाशी कुजबुजल्या, आणि वकीलबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी परवानगी मागितली. कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली, न्यायाधीशबाईंनी ती लिहून घेतली आणि चिमीला बोलावलं.

चिमीनं वहिनीकडे बघायचं टाळलं. ती पिंजऱ्याच्या कठड्याला धरून म्हणाली, "वहिनीची बिस्किटं कोंबड्या खातात."

कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं नाही.

मग चिमीनं हळूहळू सांगितलं. अपघातानंतरचा पहिला घाणा पार करपट झाला होता, दुसरा कच्चा. एखादा चुकून बरा व्हायचा, तेवढाच. वहिनी रोज दुपारी पायाच्या व्यायामाला हॉस्पिटलात जायची. ती वळली की चिमी तिची बिस्किटं पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याकडे द्यायची आणि स्वतः पातेलं चढवायची. लोणी कधी उतरवायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण लोटलेल्या दाराच्या फटीतून वास काही अडत नाही. इतकी वर्षं दाराबाहेर उभी राहून ती तो वास घेत आली होती. वहिनी परत यायच्या आत बिस्किटं बरणीत. घरभर, जिनाभर, रस्त्यापर्यंत भाजल्या लोण्याचा वास सुटलेला असायचा. सगळ्या गल्लीला तो यायचा. एकट्या वहिनीला सोडून.

पोस्टमननं शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीनं पुड्याकडे.

"त्यांना का सांगितलं नाहीत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"पाय मोडला होता, नाक गेलं होतं," चिमी म्हणाली. "हातही गेला म्हणून मी सांगायचं? माझ्या तोंडून नसतं निघालं. आजही निघालं नसतं, पण ती खोटी ठरायला लागली."

मऊ आवाजाचा वकील हुशार खराच. तो म्हणाला, बिस्किटं नणंदबाई करतात, विकली जातात, गिऱ्हाईक खूश. मग नुकसान झालं कुठं?

चिमीला अशा प्रश्नांची सवय नव्हती. तिनं पहिल्यांदाच वहिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुकानाचं नाही झालं. हिचं झालं."

निकालाची पुढची तारीख घेऊन दोघी कोर्टाच्या पायऱ्या उतरून खाली आल्या तेव्हा गाडीवाला तिथं उभा होता. त्यानं हात जोडले. अपघाताच्या दिवशीचं आपल्याला काहीच आठवत नाही, असं तो म्हणाला, आणि दारू सोडली आहे असंही म्हणाला. या माणसाला काय काय सुनवायचं ते वहिनीनं हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या घोकून ठेवलं होतं. आज तो आयता समोर आला होता, आणि राग भलतीकडेच निघून गेला होता. "सोडली असलीस तर सोडलेलीच ठेव," एवढंच ती म्हणाली आणि काठी टेकत पुढे झाली. चिमी चार पावलं मागून चालत राहिली.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. वहिनी चिमीशी कामापुरतंच बोलायची: पीठ संपलंय, दूधवाला आलाय. एकदाच तिनं ताट पुढे सारत म्हटलं, "चोरून शिकलीस." चिमी म्हणाली, "मागून मिळालं नाही." दोघींचंही खरं होतं.

वहिनीनं दुपारचं हॉस्पिटलात जाणं बंद केलं. भट्टीपुढेही ती जाईना आणि चिमीलाही त्या खोलीत पाऊल टाकवेना. बिस्किटांची बरणी रिकामी झाली. गिऱ्हाईकं बरणीकडे बघायची, मग पाव घ्यायची आणि काही न विचारता जायची. बातमीला पाय असतात, ती केव्हाच गल्लीभर फिरून आली होती. सगळ्यांत जास्त हळहळला तो कोंबडीवाला.

रात्री डोळे मिटले की वहिनीला मनात दुखायचं ते वेगळंच. लोकांनी इतके महिने चिमीचा हात चाखला आणि माझा म्हणून वाखाणला. एकालाही फरक कळला नाही. मग इतकी वर्षं मी दार लोटून जपलं ते काय होतं? तिला स्वतःची लाज वाटली, चिमीचा हेवा वाटला, आणि मग हेवा वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी तो वाचून दाखवला: अर्जदाराची वास घेण्याची शक्ती अपघातात कायमची गेली आहे, तिच्यासोबत तिचं कसब गेलं आहे, दुसऱ्या कुणी मायेनं ते काम उचललं म्हणून गेलेलं परत आलं असं होत नाही, आणि भरपाई कंपनीनं द्यावी. गाडीवाला मागच्या बाकावर बसून ऐकत होता. वहिनीला हवं होतं तसं, अगदी तस्संच झालं. वकीलबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. वहिनी हसली, आणि घरी येईपर्यंत तिला वाटत राहिलं, की आपल्याच मयताला जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी गल्ल्यावर बसली होती. मागून पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला. मग हाक आली. "चिमे, इकडे ये."

चिमी दारापर्यंत गेली आणि सवयीनं तिथंच थांबली.

"आत ये. आणि दार उघडंच राहू दे."

लोणी वितळत होतं. वहिनी स्टुलावर बसली होती, काठी भिंतीला टेकलेली. तिनं चिमीला शेगडीसमोर उभं केलं आणि म्हणाली, वास कसा येतोय ते सांगत राहा. चिमी गोंधळली. वास कुणी सांगतं का? तरी तिनं प्रयत्न केला. दुधासारखा. आता साईसारखा. आता ओल्या लाकडासारखा, जरा गोडूस. लोणी तडतडलं, फेस वर आला आणि खाली बसू लागला.

"आता?"

"आता भाजल्यासारखा यायला लागला," चिमी म्हणाली आणि सांडशी उचलली.

"थांब. इथंच उतरवतेस ना रोज?"

"हो."

"थोड्या वेळानं वास एकदम जातो, म्हणून घाबरून उतरवतेस. एकदा करपलं असेल तुझं."

चिमीनं मान डोलावली. पहिल्याच दिवशी करपलं होतं.

"दाराबाहेर ते कळायचं नाही. वास गेला की लोक घाबरतात. मीही घाबरायची सुरुवातीला. तिथं धीर धरायचा. जाऊ दे त्याला. तो परत येतो."

चिमी सांडशी धरून उभी राहिली. फेस पुरता बसला. वास खरंच गेला. खोलीत लोणी आहे की नाही तेही कळेना, नुसती ऊब. तिचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला. वहिनी पातेल्याकडे बघतच नव्हती. ती चिमीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

आणि मग चिमीचा चेहरा बदलला. तिनं श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. हा वास तिच्या ओळखीचा होता. दादाच्या वेळेपासून अपघातापर्यंत सकाळी सकाळी दाराच्या फटीतून यायचा तो. आणि इतके महिने तिनं केलेल्या एकाही घाण्याला तो आला नव्हता. गिऱ्हाईकांना फरक कळला नव्हता. तिलाही, आत्ता या क्षणापर्यंत, कळला नव्हता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

वहिनीनं नाक वर करून एकदा हवा ओढून पाहिली. काही नाही. नुसती हवा.

"आला?" तिनं विचारलं.

"आला."

"कसा आहे?"

चिमीला कसा ते सांगता येईना. "तुझा आहे," ती म्हणाली.

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं.

"उतरव मग," ती म्हणाली. "करपेल."